म्हातारटेकावरची राखण

"काका, शनिवारी निळा कॅन घेऊन तुम्ही एकटंच टेकावर कशाला गेलता?"

तोंड माझं होतं, प्रश्न विश्वजित आणि संयोगिताचा. ही दोघं भाऊबहीण. चहाच्या आधी मला झाडामागं नेऊन त्यांनी सांगितलं होतं, "क्रांते, दम असंल तर सगळ्यांसमोर विचारून दाखव. कटवडा आमच्याकडनं." मागच्या वर्षीची मी असते तर कटवडाच काय, अख्खं हॉटेल पैजेला लावलं असतं तरी मान खाली घालून भडंगातले शेंगदाणे निवडत बसले असते. पण यंदा जूनपासून शाळेच्या संचलनाला हुकूम द्यायचं काम माझ्याकडं आलंय. मैदानाच्या या टोकाला मी 'सावधान' म्हटलं की त्या टोकाची दहावीची पोरं टाचा जुळवतात. आपला आवाज इतका लांब जातो हे एकदा कळलं की तो दप्तरात ठेवून फिरणं अवघड जातं.

त्यामुळं प्रश्न टेकभर गेला. टेम्पोतून आलेली सगळी माणसं चहा प्यायची थांबली.

ज्यांना विचारलं ते शिवकुमारकाका कागदी कप तोंडाशी धरून बसले होते. ते मूळचे हुपरीचे. पप्पा मिस्त्री आहेत त्या फौंड्रीत मोल्डिंगला, पप्पांच्याच हाताखाली, पण कंत्राटावर. दिवाळीला त्यांना कायम करणार अशी बोलणी चालली होती, आणि ते टेम्पोत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणखी एक म्हणजे ते शांभवीचे वडील. शांभवी पाचवीपासून माझ्या बाकावर बसते. त्या वेळी टेकावरही ती माझ्या शेजारीच बसली होती. पैज लावताना आम्ही तिला बोलावलं नव्हतं.

"असंच," काका कपात बघत म्हणाले. "फिरायला."

"फिरायला कॅन कशाला?" हे पृथ्वीराजकाका, विश्वजितचे वडील.

"पाणी हुतं."

"टेकावर पाणी कमी पडलंय व्हय? पावसानं वाटा वाहून गेल्यात."

काकांनी चहाचा घोट घेतला. आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. हे बघणं का सुरू झालं ते सांगते.

म्हातारटेक म्हणजे पन्हाळ्याच्या वाटेवरची एक बुटकी टेकडी. वनखात्यानं तिला तारेचं कुंपण घातलंय आणि दारात 'निसर्ग परिसर' अशी पाटी लावली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर फौंड्रीच्या विजयसिंह साहेबांनी ठरवलं, की रविवारी सकाळी कंपनीच्या लोकांनी तिथं श्रमदान करायचं. झाडं लावायची, वाटा नीट करायच्या, पिशव्या-बाटल्या उचलायच्या. बायकापोरं आली तर उत्तमच. पुढारपण पप्पांकडं आलं, कारण फौंड्रीत कृष्णात मिस्त्री म्हणतील ती पूर्व. पप्पांनी टेकावरही फौंड्रीसारखीच शिस्त लावली. एकानं खड्डा काढायचा, दुसऱ्यानं रोप धरायचं, तिसऱ्यानं माती भरून नीट बसवायची. आणि सगळ्यांचं झालं, लोक टेम्पोकडं निघाले, की पप्पा शेवटी एकटे मागं राहून प्रत्येक रोपाजवळ वाकून तपासायचे. जे मनासारखं नसेल ते पुन्हा करायला लावायचे. जांभूळ, करंज, बहावा, आपटा. बघता बघता वरचा उतार भरून गेला.

आणि मग रोपं मरायला लागली.

आधी पानं पिवळी, मग शेंडा काळा, मग नुसती काडी. तेही पाऊस चालू असताना, म्हणजे पाण्यावाचून नाही. पहिला संशय खालच्या वस्तीतल्या तानाबाईवर आला, कारण तिच्या शेळ्या कुंपणाखालून घुसतात. पप्पा तिला जाऊन बोलून आले. ती म्हणाली, "बाबा, माझ्या शेळ्या झाड खात्यात. मारून जाग्यावर उभं न्हाईत ठेवत." खरंच होतं, वाळलेली पानं काडीवर तशीच लोंबत होती. म्हणजे कुणीतरी बुडात काहीतरी ओतत होतं. हे पहिल्यांदा पृथ्वीराजकाका बोलले, आणि त्या दिवसापासून श्रमदानाची मजाच गेली. कोण उशिरा आला, कोण आधी गेला, कुणाच्या बाटलीत काय आहे. कुणी जरा झुडपामागं गेला तरी चार डोळे त्याच्या पाठीवर. माझेही होतेच की.

त्यातच विश्वजितनं शिवकुमारकाकांना शनिवारी दुपारी टेक चढताना बघितलं. हातात निळा कॅन. फौंड्रीत रंगाच्या खात्यात थिनर येतो त्यातला.

"शिवकुमार," आता पप्पा बोलले. "सरळ सांग की. कुणाच्या सांगण्यावरनं करालास?"

काकांनी मान वर करून पप्पांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठले, कप कचऱ्याच्या पोत्यात टाकला आणि टेम्पोची वाट न बघता पायवाटेनं खाली उतरायला लागले. मला वाटलं, ही चोराची नजर. सापडल्यावर माणूस असाच बघत असणार.

शांभवीही उठली. तिनं माझ्या हातातली भडंगाची पिशवी काढून घेतली, कारण ती तिच्या घरची होती.

त्याच जागेवर ठरलं. पुढच्या रविवारी विजयसिंह साहेब स्वतः टेक बघायला येणार होते. सगळ्यांसमक्ष त्यांच्या कानावर घालायचं. शिवकुमार आला तर त्याच्या तोंडावर, नाही आला तर पाठीमागं. परत येताना टेम्पोत पप्पा माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगत होते, "आम्ही महिनाभर नुसतं कुजबुजालोय. पोरीनं एका दमात विचारलं." मी इतकी फुगले होते, की कुणी टाचणी लावली असती तर पन्हाळ्यापर्यंत आवाज गेला असता. सोमवारी शाळा सुटल्यावर कटवडा खाल्ला. विश्वजितनं वर आणखी एक पाव घेऊन दिला.

शाळेत मात्र शांभवी माझ्या बाकावर नव्हती. खिडकीकडच्या बाकावर, नव्या पोरीशेजारी बसली होती. मधल्या सुट्टीत मी गेलेच.

"राग कशाचा? मी नुस्तं विचारलं. उत्तर द्यायचं की त्यांनी."

"तू विचारलं न्हाईस. हुकूम दिलास," ती म्हणाली. डबा उघडून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "आप्पा घरात पण बोलंनात. साहेबांच्या कानावर गेलं तर कायम करतील व्हय त्यास्नी? मग खोली सोडायची आणि हुपरीला जायचं. मी तिथल्या शाळेत. अव्वानं सामानाचं बोलायला पण सुरू केलंय." अव्वा म्हणजे तिची आई.

"मग तुझ्या आप्पांनी सांगून टाकावं की, कॅनमध्ये काय हुतं."

तिनं डबा बंद केला. "क्रांती, तू जा."

मी गेले. पण दिवसभर एकच गोष्ट डोक्यात राहिली. शांभवी खोटं बोलायला लागली की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हे मला पाचवीपासून माहीत आहे. त्या दिवशी त्या लाल नव्हत्या. म्हणजे एकतर काकांनी काही केलं नव्हतं, नाहीतर तिलाही ठाऊक नव्हतं. मला दुसरं जास्त पटलं. संशयाचं असं असतं, त्याला काहीही खायला घाला, पचतं.

शनिवारी शाळा अर्धी असते. विश्वजित, संयोगिता आणि मी सायकली घेऊन निघालो. पुरावा पाहिजे होता. रविवारी साहेबांपुढं नुसत्या तोंडाच्या वाफा दवडून चालणार नव्हतं, असं विश्वजितचं म्हणणं. त्यानं बाबांचा जुना मोबाइल आणला होता, फोटो काढायला. आम्ही सायकली तानाबाईच्या गोठ्याजवळ लावल्या आणि कुंपणाच्या कडेकडेनं वर चढलो. संयोगितानं मध्येच विचारलं, "त्यांनी बघितलं तर काय सांगायचं?" विश्वजित म्हणाला, "शाळेचा प्रकल्प." तो कुठंही पकडला गेला की हेच सांगतो, एकदा थिएटरच्या दारात पण सांगितलं होतं.

काका होते. उताराच्या वरच्या टोकाला एक जुनं उंबराचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला टेकून बसले होते. मांडीवर आडवी काठी. शेजारी निळा कॅन.

आम्ही करवंदीच्या जाळीमागं पोटावर पडलो. मुंग्या चावत होत्या. आता उठतील, आता ओततील. काका उठले नाहीत. एक शेळी वर आली, तिला त्यांनी काठी आपटून हाकललं. मग डबा उघडून खाल्ला. मग कॅन उचलला. विश्वजितनं मोबाइल समोर धरला.

काकांनी कॅन तोंडाला लावला आणि गटागटा पाणी प्याले. उरलेलं जवळच्या एका मरतुकड्या करंजाच्या बुडात ओतलं.

"ओतलं," विश्वजित पुटपुटला.

"आधी प्याले," संयोगिता म्हणाली. "इख असतं तर प्याले असते व्हय?"

विश्वजितचं तोंड जरा उतरलं. तो रांगत मागं सरकला आणि म्हणाला, दुसऱ्या बाजूनं बघू. दुसऱ्या बाजूला एक मोठा काळा दगड आहे, हत्ती बसल्यासारखा. त्याच्यामागं गेलो आणि तिघंही थांबलो.

दगडामागं पाच-सहा रोपं होती आणि सगळी जिवंत. जिवंत कसली, माझ्या कमरेला लागत होती. जांभळाला तांबूस कोवळी पानं फुटली होती. वरचा सगळा उतार काड्यांनी भरलेला, आणि इथं हे.

मला एकदम आठवलं. ही आमची रोपं. जुलैत एका रविवारी शेवटची थोडी उरली होती, आणि शांभवी आणि मी ती दगडामागं आणून लावली होती. हातानंच माती लोटली, वरून थापटली आणि भूक लागली म्हणून टेम्पोकडं पळालो. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पप्पांनी तपासून परत करायला लावलं असतं.

"कुणी लावली ही?" विश्वजितनं विचारलं.

"मी आणि शांभवीनं."

त्याचे डोळे चमकले. "बघ की मग. आख्खा टेक मारला आणि लेकीची तेवढी सोडली. ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला?" तो फोटो काढायला लागलासुद्धा.

"ह्यातली निम्मी माझी हायत," मी म्हणाले.

"तू तिची मैत्रीण. तुझी पण सोडली."

"काय बघालायसा?"

आवाज मागून आला. शिवकुमारकाका दगडाला हात टेकून उभे होते. विश्वजित म्हणाला, "शाळेचा प्रकल्प." काकांनी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. ते माझ्याकडं बघत होते.

पळून जावं असं वाटलं. पण प्रश्न मीच विचारला होता आणि उत्तर अजून मिळालं नव्हतं. या वेळी मी आवाज लहान ठेवला.

"काका, तुम्ही हितं काय करालाय?"

"राखण," ते म्हणाले. "रोपं कोण मारतंय ते धरायला बसलोय. दर शनिवारी आम्हा कंत्राटवाल्यांची सुट्टी असती, तवा बसतो. रविवारी तुम्ही सगळी येता, त्याच्या आधी कोण येतंय का बघायला."

"मग आलं का कोण?"

"न्हाई."

"मग तसं सांगायचं की रविवारी. कशाला गप बसलासा?"

काका दगडावर टेकले. काठीनं मातीत रेघ ओढत राहिले. "सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. संशय कुणावर हाय म्हणून."

"कुणावर हाय?"

"पोरी, जा तू घरला. आभाळ भरलंय."

"कुणावर?"

त्यांनी एक श्वास घेतला. "आमच्या घरात पैंजणाचं काम. लहानपणी मला वडील सांगायचे, चांदीच्या कामात माणसाच्या तोंडाकडं बघू नको, हाताकडं बघ. कोण कणभर चांदी कुठं दडवतंय, ते हातात दिसतं. तीच सवय लागली. मग हितं मला एकच हात दिसला. सगळी खाली गेल्यावर एक माणूस एकटा मागं राहतो. रोपागणिक वाकतो. बुडाशी हात लावतो. आणि ज्याला ज्याला त्यानं हात लावला ते ते रोप गेलं."

मला कळायला दोन क्षण लागले.

"पप्पा?"

"मी बघितलं ते सांगितलं. काय टाकतो, का टाकतो, मला कळंना. आणि बोलू कुणाला? त्यानंच साहेबांपाशी माझ्यासाठी शब्द टाकलाय." काका काठीच्या टोकाकडं बघत होते. "म्हणून रविवारी त्यानं मलाच विचारल्यावर मला काय सुचलंच न्हाई."

विश्वजित आणि संयोगिता आता माझ्याकडं बघत होते. अगदी त्याच नजरेनं, ज्या नजरेनं गेल्या रविवारी सगळे काकांकडं बघत होते. ती अंगावर कशी येते ते मला तेव्हा कळलं.

"पप्पा काय टाकत न्हाईत," मी म्हणाले. "ते अंगठा दाबतात."

हे मला माहीत होतं, कारण पप्पा घरीही दाबतात. आईनं मळलेल्या कणकेवर, गणपतीच्या शाडूवर, एकदा माझ्या वाढदिवसाच्या केकवर. मोल्डिंगची सवय आहे ती. लोखंड ओतायच्या आधी साच्याच्या पेटीत वाळू ठोकून ठोकून घट्ट बसवायची असते. पप्पा अंगठा दाबून बघतात. अंगठा उमटला तर वाळू ढिली, लोखंड फुटून बाहेर येणार, पुन्हा ठोका. नाही उमटला तर काम पास.

मी खाली बसले आणि आमच्या जांभळाच्या बुडाशी अंगठा दाबला. पेरापर्यंत आत गेला.

मग मी उतारावर धावले. पहिल्या काडीच्या बुडाशी दाबला. नख दुखलं, पण खूण उठली नाही. दुसरी, तिसरी. त्या मरतुकड्या करंजाजवळ काकांनी ओतलेलं पाणी तसंच वर साचलं होतं, ताटात आमटी असल्यासारखं.

"काका, पहार पाहिजे."

तानाबाईकडून विश्वजितनं पहार आणली. येताना तिला प्रकल्प सांगितला म्हणे. काकांनी एका वाळलेल्या बहाव्याच्या भोवती घाव घातले. पहार खणखण वाजत होती. शेवटी ते रोप मातीसकट उपटून आलं, आणि माती सुटली नाही. खड्ड्याच्या आकाराचा एक गड्डा, जणू साच्यातून काढलेला. फोडला तर आत रोपाची मुळं नर्सरीच्या पिशवीत होती तेवढ्याच जागेत गोल गोल फिरलेली. बाहेर एक तंतू आला नव्हता. काळी पडली होती, कुजका वास येत होता.

संयोगिता हळूच म्हणाली, "म्हणजे आपणच. सगळ्यांनीच ठोकलं."

खरं होतं. सगळी फौंड्री होती ती. पेटी भरायची तसे खड्डे भरले होते, वर मिस्त्रींची तपासणी. जे नीट नव्हतं ते पुन्हा ठोकलं होतं. जगली ती फक्त भुकेलेल्या पोरींनी अर्धवट टाकलेली. पेठेत वाढलेली माणसं सगळी, झाड लावायचं म्हणजे आधी काय करायचं तर घट्ट बसवायचं, एवढंच हातांना माहीत.

शिवकुमारकाका फुटलेल्या गड्ड्याकडं बघत खाली बसले. "मी काय काय मनात आणलं त्याच्याबद्दल," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "हे कुणाला सांगू नको. साहेबांपुढं कृष्णातचं नाव मी घेणार न्हाई. मी येतच न्हाई उद्या."

"या तुम्ही," मी म्हणाले. "शांभवीला घेऊन या."

आणखी एक गड्डा उपटला, पण फोडला नाही. तो पिशवीत घालून सायकलच्या मागं बांधला.

घरी आले तेव्हा पप्पा कामावरून येऊन मोरीत हात घासत होते. काळं निघायला वेळ लागतो. आई चुलीशी, म्हणजे गॅसशी, पण आमच्याकडं अजून चूलच म्हणतात. तांबड्या रश्श्याचा वास सुटला होता. मी बाहेरच्या सोप्यात पेपर पसरला आणि गड्डा मधोमध ठेवला.

पप्पा टॉवेलला हात पुसत आले. गड्ड्यापुढं उकिडवे बसले. आणि काही विचारायच्या आधी त्यांचा अंगठा त्याच्यावर गेला.

"झकास बसलाय," ते म्हणाले. "कुणी ठोकलाय हा?"

"तुम्ही. टेकावरचा हाय."

मग त्यांना मधली काडी दिसली.

मी आईच्या कढीपत्त्याचा डबा उचलून आणला. गॅलरीत रंगाच्या जुन्या डब्यात तिनं तो लावलाय, आणि तो माझ्यापेक्षा उंच झालाय. "आता ह्याच्यात दाबा."

त्यांनी दाबला. अंगठा आत गेला. काढला. अंगठ्याला लागलेल्या मातीकडं बघत राहिले. मी दगडामागची रोपं सांगितली, कुजलेली मुळं सांगितली, साचलेलं पाणी सांगितलं. काका दर शनिवारी कशाला जातात तेही सांगितलं. त्यांचा संशय कुणावर होता हे मी आधी गाळणार होते, पण नाही गाळलं.

"माझ्यावर?" पप्पा म्हणाले.

"तुमचा त्यांच्यावर हुताच की."

"रोप हलता कामा न्हाई. दाबावं लागतंच. कुणालाबी विचार." पण आवाजात जोर नव्हता. गड्ड्यावरून हात फिरवत होते, आजारी जनावरावरून फिरवावा तसा.

आई पदराला हात पुसत दारात उभी होती. "झालं ते झालं," ती म्हणाली. "शिवकुमारला उद्या बाजूला घ्या आणि सांगा, मनात ठेवू नको. साहेबांना म्हणा, शेळ्या घुसत्यात. विषय संपला. उगंच चारचौघांत ह्यांचं नाव कशाला?"

"शेळ्या म्हणजे तानाबाई," मी म्हणाले. "तिच्या शेळ्यांनी एक पान खाल्लं न्हाई. आणि शिवकुमारकाकांना बाजूला घेऊन सांगितलं तर बाकीच्यांना काय कळणार? पृथ्वीराजकाका साहेबांपुढं बोलणारच हायत. मग दिवाळीला काय व्हायचं?"

"पोरी, मी मिस्त्री हाय," पप्पा म्हणाले. "सगळ्यांना ठोकायला मीच लावलं. उद्या साहेबांपुढं कळलं की एवढी रोपं माझ्या अंगठ्यानं गेली, तर फौंड्रीत उभं राहून हुकूम कुठल्या तोंडानं देऊ?"

हे मला समजलं. हुकूम देणाऱ्याला काय वाटतं, ते जूनपासून मला थोडं कळतं. म्हणून मी पप्पांच्या समोर उकिडवी बसले. त्यांच्या अंगठ्याच्या नखात माती होती, माझ्याही होती. खिडकीकडच्या बाकावर पाठ करून बसलेली शांभवी डोळ्यांसमोर आली.

मग उठून उभी राहिले.

"उद्या साहेब आलं की चहाच्या आधी हा गड्डा मी सगळ्यांच्या मधी ठेवणार," मी म्हणाले. "मागच्या रविवारी ज्या आवाजात विचारलं, त्याच आवाजात सांगणार. रोपं कशी मेली, आणि शिवकुमारकाकांनी एक पण मारलं न्हाई. मी त्यास्नी यायला सांगून आलोय. पप्पा, तुम्ही माझ्या आधी उठलासा तर मी गप बसतो, तुमच्या तोंडानं ऐकू दे सगळ्यांना. न्हाई उठलासा, तर मी उठणार."